पोटाकडून एक फोटो

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीमुळे आम्ही बेळगावात आणि काकू गावाकडे अडकलेली असताना, तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आहे. देवळामागच्या मोकळ्या जागेत रुईची पाच-सहा झुडपे आपोआप वाढलेली आहेत. त्यांतल्या एका झुडपाच्या पानांवर, देठांवर, अगदी फुलांच्या गुच्छांवरही पिवळ्या आणि निळसर पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे किडे बसलेले फोटोत दिसत होते. खाली तिचा आवाज होता : "टोळधाड आली काय गा आमच्यात? टीव्हीत दाखवुलालेत तसलंच दिसतंय. रुईवर नुसते भरल्यात."

त्या दिवसांत टीव्हीवर करोनाखालोखाल टोळच होते. राजस्थानात शिरलेल्या वाळवंटी टोळांच्या झुंडी मध्य प्रदेशातून अमरावती आणि नागपूरपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि त्या उद्या-परवा आपल्या डोक्यावर येणार असे वातावरण तयार झाले होते. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करतो. नाकतोड्यांविषयीचे माझे ज्ञान लहानपणी त्यांच्या पायाला दोरा बांधण्यापलीकडे गेलेले नव्हते. तरीही घरात शिकलेला म्हणून माझी जी ख्याती आहे तिला जागून मी तत्काळ उत्तर दिले, "तेच असावेत. फवारणी करायला सांगा." दोन-तीन दिवसांनी तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यातून बातमी आली, की तिथे रुईवर दिसलेले किडे पाहून लोक घाबरले होते, परंतु ते वाळवंटी टोळ नसून रुईवर नेहमी आढळणारे रंगीत नाकतोडे आहेत असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले. बातमीसोबतचा फोटो आणि काकूचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर एकाच झुडपावर काढले असावेत असे वाटले असते. त्या नाकतोड्याचे शास्त्रीय नाव पोएकिलोसेरस पिक्टस. ज्या रुईच्या चिकाला जनावर तोंड लावत नाही ती रुई खाऊन तो वाढतो, आणि डिवचले तर अंगातून कडवट द्रवाची पिचकारी मारतो. एवढा भडक रंग घेऊन तो उघड्यावर निवांत बसतो, तो या पिचकारीच्या जोरावर.

काकूने सुदैवाने माझे ऐकले नाही. फवारणीचा पंप बिघडलेला होता, असे तिने नंतर सांगितले. मला मात्र स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी नाकतोड्यांचे फोटो काढू लागलो. सुरुवात रंगीत नाकतोड्यापासून झाल्यामुळे माझा एक गैरसमज झाला, तो म्हणजे फोटो नीट आला की नाव सापडतेच. वास्तविक पोएकिलोसेरस हा आपले नाव अंगावर रंगवून फिरणारा प्राणी आहे, आणि असे नाकतोडे फार थोडे असतात. आमच्या भागात आणखी दोनच मला आठवतात. एक ऑलार्किस मिलिआरिस, जो पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या बाजूला दिसतो. त्याचे गर्द पंख पिवळ्या ठिपक्यांनी भरलेले असतात, आणि हातात धरला की तो अंगातून साबणासारखा फेस काढतो. दुसरा टेरॅटोडिस मॉंटिकोलिस, ज्याच्या पाठीवर हिरव्या पानासारखा उंच उभा पदर असतो, इतका की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पानाला चिकटलेले पान वाटतो. हे दोघे एकदा पाहिले की विसरत नाहीत. बाकीचे सगळे हिरवे किंवा मातकट आणि चारचौघांसारखे असतात, आणि खरे काम त्यांच्याशीच असते.

आपण मराठीत 'नाकतोडा' म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात किमान दोन वेगळी घराणी येतात. मिशा पाहिल्या की पहिली वाटणी होते. ज्यांच्या मिशा आखूड आणि जरा जाडसर असतात, ते खरे टोळवंशी नाकतोडे होत. ज्यांच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि अनेकदा अंगापेक्षाही लांब असतात, ते रातकिड्यांचे सोयरे. या दुसऱ्या गटातल्या मादीच्या शेवटाला तलवारीसारखा अवयव असतो, तो अंडी घालण्यासाठी. आमच्याकडे मात्र तो डंख समजला जातो, आणि घरात शिरलेल्या बिचारीला केरसुणीने मारले जाते. आखूड मिशांच्या नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या वळकटीवर, पंखांखाली दडलेले असतात, तर लांब मिशांच्या नाकतोड्याचे कान पुढच्या पायांच्या नडग्यांवर असतात. फोटो मोठा करून पाहिला तर नडगीवर एक बारीक चीर दिसते, ती म्हणजे कान. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी कचेरीतल्या एका कन्नड सहकाऱ्याला फोटो दाखवला. "नमदू मिडते, निमदू नाकतोडा, कान पायात," म्हणजे आमचा तो मिडते, तुमचा तो नाकतोडा, असे म्हणून तो जेवणाच्या सुट्टीभर हसत होता.

वाटणी झाली, आता नाव. इथे माझ्या तीनशे फोटोंची परीक्षा झाली आणि ते जवळजवळ सगळे नापास झाले. मी काढलेले फोटो सुंदर होते, हे मी नम्रपणे सांगतो. पहाटेच्या दवात नाकतोडे गारठलेले असतात आणि ऊन चढेपर्यंत फारसे उडत नाहीत, त्यामुळे मोबाइलला लावायची बारीक क्लिप-लेन्स घेऊन बांधावर बसले, की चेहरा, डोळे, मिशांवरचे दवबिंदू असे सगळे टिपता येते. परंतु चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची आपली सवय नाकतोड्याच्या बाबतीत फसते. ज्यांनी त्यांची वर्गवारी केली त्या लोकांनी ती टाचणीला टोचलेल्या वाळक्या नमुन्यांवरून केली, आणि टोचलेला नमुना हवा तसा फिरवता येतो. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत डब्ल्यू. एफ. कर्बी यांनी १९१४ साली इथल्या आखूड मिशांच्या नाकतोड्यांचा खंड लिहिला, तोही अशाच नमुन्यांच्या आधारे. अशा वर्णनात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे माझ्या फोटोंत कुठेच नव्हती. मागच्या मांडीची आतली बाजू कोणत्या रंगाची आहे? मिटलेल्या पुढच्या पंखांखाली मागचा पंख पारदर्शक आहे, पिवळा आहे की गुलाबी? आणि सर्वांत अवघड म्हणजे, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, घशावर, खुंटी आहे का?

ही घशावरची खुंटी मला अजून नवलाची वाटते. नाकतोड्यांच्या काही मोठ्या उपकुळांत पुढच्या पायांच्या बेचक्यात एक टोकदार उंचवटा असतो आणि काहींत त्याचा मागमूस नसतो. म्हणजे वरून सारखे दिसणारे दोन मातकट नाकतोडे उलटे केले, की एकाला खुंटी असते आणि दुसऱ्याला सपाट घसा, आणि ते दोघे कागदावर एकमेकांपासून बरेच दूर जातात. हा फोटो पोटाकडून काढावा लागतो. गवताच्या काडीवर बसलेल्या नाकतोड्याला खालून कोणी पाहत नाही, त्यामुळे तो तसा काढायचा म्हणजे हातात धरणे आले. धरायचेही एक तंत्र आहे. एकच मागचा पाय धरला तर तो पाय आपल्या हातात सोडून तो निघून जातो, आणि तुटलेला पाय त्याला पुन्हा येत नाही. माझ्या सुरुवातीच्या उत्साहात असे दोन लंगडे आमच्या शिवारात हिंडत राहिले, याचे मला वाईट वाटते. दोन्ही मांड्या मिटवून एकत्र, हलक्या चिमटीत धराव्यात. मग तो आपल्या बोटावर तपकिरी थुंकी टाकतो, जिचा डाग सहज जात नाही. माझे आजोळ निपाणीचे. त्यामुळे ती थुंकी पाहिली की मला तंबाखूच्या वखारीबाहेरच्या भिंती आठवतात.

आमच्या शिवारात पावसाळ्यात भात असते. जूनच्या आधी धूळवाफेवर पेरणी होते, आणि पाऊस लागला की दोन महिन्यांत बांधापासून बांधापर्यंत हिरवे होते. या हिरव्यात दोन हिरवे नाकतोडे नेहमी सापडतात, आणि त्यांच्यातला फरक समजणे हा माझा पहिला खरा आनंद होता. एकाच्या डोळ्यामागून एक तपकिरी पट्टा निघतो आणि मानेवरून पंखाकडे जातो. तो ऑक्सिया. त्याच्या मागच्या नडगीचा खालचा भाग वल्ह्यासारखा किंचित रुंदावलेला असतो, आणि चिखलवाफ्यात पडला तर तो सहज पोहून बांधाला लागतो. दुसरा अंगाने जरा थोराड असतो. त्याला असा पट्टा नसतो. डोक्यामागे खोगिरासारखी जी ढाल असते, तिच्यावर मात्र आडव्या काळ्या रेघा असतात, बोरूने ओढाव्यात तशा ठसठशीत. त्याच्या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नाव हायरोग्लिफस. चित्रलिपीवरून ठेवल्यासारखे हे नाव त्या रेघांना शोभते. भातावर आणि उसावर येणारा, शेतकऱ्यांच्या परिचयाचा हायरोग्लिफस बनियन हा यांतलाच. त्याला १७९८ साली योहान फाब्रिसियस या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने, म्हणजे लिनियसच्या शिष्याने, नाव दिले.

या रेघा मी आबांना दाखवल्या. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, वय एकोणऐंशी, आणि शेतीविषयी त्यांचे मत नसलेली गोष्ट मी पाहिलेली नाही. त्यांनी फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो व्हय? ह्येची अंडी बांधात असत्यात. पैलं उन्हाळ्यात बांध तासायचे लोक. आता कोण तासतंय?" नंतर वाचले तर ते शब्दशः बरोबर निघाले. सुगीच्या सुमारास मादी पोट मातीत खुपसून बांधाच्या कडेला अंड्यांचे पुंजके घालते, ते उन्हाळाभर तसेच राहतात आणि पावसाबरोबर फुटतात. वर्षाला एकच पिढी असते. म्हणूनच उन्हाळ्यात बांध तासून किंवा नांगरून अंडी उन्हात उघडी पाडण्याची शिफारस शेतीची पुस्तके करतात. आबांना त्या किड्याचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याचा पत्ता ठाऊक होता, आणि मला नाव ठाऊक असून पत्ता नव्हता. या दोहोंपैकी शेतकऱ्याच्या उपयोगाचे काय, हे सांगण्याची गरज नाही.

आता माझ्या सर्वांत मोठ्या फजितीकडे यायला हरकत नाही. आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे कोणालाही डोळ्यांनी दिसतात. पश्चिमेला खानापूर-जांबोटीचा पावसाचा, भाताचा, तांबड्या मातीचा भाग. बेळगावच्या पूर्वेला गाडी लागली, की तासाभरात काळी माती, जोंधळा आणि उघडे आभाळ. एका सप्टेंबरमध्ये नात्यातल्या कार्यासाठी सौंदत्तीकडे गेलो असता, रस्त्याकडेच्या जोंधळ्यावर मला एक हिरवट नाकतोडा दिसला, ज्याला पंख जवळजवळ नव्हतेच. पाठीवर दोन लहान खवल्यांसारखे काहीतरी होते, एवढेच. माझे काळीज धडधडू लागले, आणि त्याला कारण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या जोंधळ्याच्या पट्ट्यात एका बिनपंखी नाकतोड्याने मोठा उच्छाद मांडला होता. म्हैसूर संस्थानात काम करणारे कॅनडाचे लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास केला, आणि माद्रिदच्या इग्नासिओ बोलिव्हार यांनी १९१० साली त्याचे वर्णन करताना त्याच्या प्रजातीला कोलमन यांचेच नाव दिले : कोलेमानिया स्फेनॅरिऑइडिस. कन्नडमधल्या 'जोळ' या शब्दावरून इंग्रजी अहवालांत त्याला जोळा नाकतोडाही म्हटलेले आहे. ज्याने एकेकाळी पिकेच्या पिके खाल्ली तो आज सहज नजरेस पडत नाही, आणि तो मला, एका हिशेबनिसाला, कार्याच्या कपड्यांत रस्त्याकडेला भेटतो, या कल्पनेने मी इतका हुरळलो की जेवणाच्या पंगतीतच चौघांना फोटो पाठवून मोकळा झालो. फोनमधल्या ओळख सुचवणाऱ्या अ‍ॅपनेही दुसऱ्या क्रमांकावर तेच नाव दाखवले होते. पहिल्या क्रमांकावर काय होते ते मी सोयीस्करपणे वाचले नाही.

त्या रात्री फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. नाकतोडे अळी-कोष-पाखरू या मार्गाने मोठे होत नाहीत. अंड्यातून निघणारे पिल्लू नाकतोड्यासारखेच दिसते, आणि पाच-सहा वेळा कात टाकत वाढते. पंख एकदम येत नाहीत. आधी त्यांच्या जागी लहानशा पाकळ्या दिसतात, प्रत्येक कातीनंतर वाढत जाणाऱ्या. त्यामुळे आखूड पंखांचा पूर्ण वाढलेला नाकतोडा आणि लांब पंखांच्या नाकतोड्याचे पिल्लू हे फोटोत अगदी सारखे दिसू शकतात. त्यांना वेगळे करण्याची एक खूण आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की कोणा हिशेबनिसालाच सुचली असावी असे मला वाटते. प्रौढ नाकतोड्यात पुढचा पंख वर असतो आणि मागचा त्याखाली झाकलेला असतो. पिल्लाच्या शेवटच्या एक-दोन अवस्थांत पंखांच्या पाकळ्या उलटून वर वळतात, आणि तेव्हा मागच्या पंखाची पाकळी बाहेर, पुढच्या पंखाच्या पाकळीवर येते. शेवटची कात टाकताना हा उलटलेला क्रम पुन्हा सुलटा होतो. म्हणून आखूड पंख दिसले की एवढेच पाहायचे : वरची पाकळी पुढची की मागची? माझ्या फोटोत वरची पाकळी त्रिकोणी, रुंद आणि स्पष्टपणे मागची होती. तिच्याखालून पुढच्या पंखाची लहान जीभ डोकावत होती. ते पिल्लू होते. कशाचे, ते त्या फोटोवरून सांगता येणार नव्हते. कोलेमानिया ज्या कुळातला आहे त्या कुळाच्या नाकतोड्यांच्या कपाळाच्या अगदी टोकाला मधोमध एक बारीक घळ असते, ती शोधण्याचा मी प्रयत्न केला. पण माझ्या फोटोत कपाळावर सूर्याचा एक पांढरा चकाकता ठिपका होता, घळीच्या नेमका वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना "कालचा फोटो पिल्लाचा होता" असे कळवले. तिघांनी अंगठा दाखवला. चौथ्याने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, "अभिनंदन, मुलगा की मुलगी?" असे विचारले. खरे तर हा प्रश्न निरर्थक नाही. पूर्ण वाढलेल्या मादीच्या शेवटाला अंडी घालण्याच्या आखूड, टोकदार झडपा दिसतात, तर नराचा शेवट होडीच्या नाळेसारखा वर उचललेला आणि बंद असतो. नर आणि मादी वेगळे ओळखणे हे केवळ कुतूहल नसते, कारण कित्येक जाती नराच्या शेवटच्या भागावरूनच ठरतात, आणि मादीचा फोटो कितीही चांगला असला तरी तिथे उपयोगाचा नसतो. बांधावरचा तो ऑक्सिया घ्या. या प्रजातीतल्या एकमेकींच्या जवळच्या जाती नराचे अंतर्गत अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वेगळ्या करतात. फोटोवर 'ऑक्सिया' एवढेच लिहून थांबावे लागते.

हे थांबणे मला आधी जमत नसे. प्रजाती कळली आणि जाती कळली नाही, म्हणजे अर्धी रक्कम वसूल झाली आणि खाते उघडेच राहिले, असे वाटे. चुलतभावाला हे समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आडनाव कळलं, नाव न्हाई." मी म्हटले, तसेच. "मग काय उपयोग? आमच्या गल्लीत पाटील म्हणून हाक मार, वीस जण मागं बघतील." त्याचे बरोबर होते, आणि तरीही चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा नुसते 'पाटील' लिहिणे बरे, हे मी सौंदत्तीच्या रस्त्यावर शिकलो होतो. अ‍ॅपला मात्र हे शिकवता येत नाही. त्याने ज्या जातींचे पुष्कळ फोटो पाहिलेले असतात त्या त्याला सगळीकडे दिसतात, आणि ज्या दुर्मीळ जातीचे चारच फोटो त्याच्यापुढे आले ती त्याला सुचतच नाही. त्यात फोनच्या भिंगाची आपली एक खोड असते. अगदी जवळून फोटो काढला की जो भाग भिंगाजवळ असतो तो अवाजवी मोठा येतो, त्यामुळे समोरून टिपलेला प्रत्येक नाकतोडा घोड्याच्या डोक्याचा आणि मुंगीच्या पोटाचा दिसतो, आणि डोक्याच्या तुलनेत मिशा किती लांब या प्रश्नाचे उत्तर पार बिघडते. बाजूने, भिंग अंगाला समांतर धरून, थोडे लांबून काढलेला कंटाळवाणा फोटोच खरी मापे सांगतो.

रंगाविषयी तर बोलायलाच नको. सुरुवातीला मी फोटोंचे दोन फोल्डर केले होते, 'हिरवे' आणि 'मातकट', आणि सहा महिने त्याच हिशेबाने चाललो. मग कुरणात निमुळत्या डोक्याचा अ‍ॅक्रिडा भेटला, जो वाळक्या गवताच्या काडीसारखा बारीक आणि लांब असतो. एकाच सकाळी, दहा पावलांच्या आत, एक पोपटी आणि एक पेंढ्याच्या रंगाचा. दोन्ही एकाच जातीचे असू शकतात. कित्येक नाकतोडे हिरव्या आणि तपकिरी अशा दोन्ही रूपांत येतात, आणि ओलसर हिरव्या दिवसांत हिरवे अधिक दिसतात. फोल्डर मोडावे लागले. तोच घोळ अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाचा. टोकदार डोक्याचा हा लहान नाकतोडा आमच्या परसात हळदीच्या पानांवर असतो. त्याची मादी मोठी आणि नर तिच्या पाठीवर बसलेला, इतका लहान की आई पिल्लाला पाठीवर घेऊन फिरते असा माझ्या मुलीचा पक्का समज होता. अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाचा रंग पाहू नये. त्याच्या गालापासून खोगिराच्या खालच्या कडेपर्यंत बारीक दाण्यांची एक ओळ असते, पोत्याच्या शिवणीसारखी, ती पाहावी.

घशाच्या खुंटीने मला एकदा तरी पूर्ण उत्तर दिले, तो प्रसंग सांगतो. नोव्हेंबरमध्ये कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळच्या देवळापाशी, गवतातून बोटाएवढा मोठा तपकिरी नाकतोडा उडाला आणि भिंतीवर बसला. डोक्यापासून मिटलेल्या पंखांच्या टोकापर्यंत पाठीवर मधोमध फिकट पट्टा होता. उलटा करून पाहिले तर घशावर जाड खुंटी होती, आणि ती सरळ उभी नसून मागे, छातीकडे वाकलेली होती. हा पतंगा सक्सिंक्टा. 'पतंगा' हे नाव १९२३ साली टोळांचे अभ्यासक बोरिस उवारोव्ह यांनी दिले, आणि टोळांच्या नावांत आपल्या कानाला परके न वाटणारे असे मला हे एकच आढळले. काही अभ्यासक त्याला आता दुसऱ्या प्रजातीत घालतात. पण इंग्रजीत त्याचे जुने नाव आहे बॉम्बे लोकस्ट, मुंबई टोळ. १९०१ ते १९०८ या काळात त्याच्या झुंडींनी मुंबई इलाख्यात हैदोस घातला होता. उन्हाळा सह्याद्रीच्या जंगलांत काढायचा आणि पाऊस आला की गवताळ भागात उतरून अंडी घालायची, हा त्याचा क्रम. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, पुढे त्याचे कर्नाटक झाले, २०१४ साली शहराचे नाव बदलले, दुकानांच्या पाट्या बदलल्या. कणकुंबीच्या भिंतीवरचा हा रहिवासी तेवढा अजून मुंबईचा म्हणून नोंदला जातो. त्याच्याविरुद्ध कोणी निवेदन दिल्याचे ऐकिवात नाही.

गंमत बाजूला ठेवली तरी काकूच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. आपल्याकडेही टोळ आहे. तो वाळवंटी नव्हे, रुईवर बसत नाही, आणि एकटा असला तर शांतपणे गवतात राहतो. वाळवंटी टोळालाही घशावर खुंटी असते, पण ती अशी मागे छातीपर्यंत वाकलेली नसते. २०२० साली मला कोणी विचारले असते, की काकूकडून आणखी कोणता फोटो मागवशील, तर मी म्हटले असते, "जरा जवळून काढ." आज मी पोटाकडून मागवला असता.

ही सगळी हकीकत मी गणपतीत गावी गेलो असता काकूला सांगितली. ती भाकरी थापत होती आणि ऐकते आहे की नाही हे कळत नव्हते. बाजूने, वरून, मागच्या मांडीची आतली बाजू, पोटाकडून, शेजारी मापासाठी काहीतरी ठेवून, आणि कोणत्या झाडावर होता ते लिहून, असे मी सांगत गेलो. "एवढं लग्नाच्या पोरीचं बी बघत न्हाईत," एवढेच ती म्हणाली.

परवा, सुगी सुरू झाल्यावर, तिचे चार फोटो आले. पहिल्यात भाताच्या ताटावर बसलेला नाकतोडा, बाजूने, थोडा लांबून, अगदी कंटाळवाणा आणि अगदी योग्य. दुसऱ्यात तोच, शेजारी शिवणयंत्राच्या पेटीतली टेप : साडेचार सेंटिमीटर. तिसऱ्यात पोटाकडून, तिच्या हळदीने पिवळ्या झालेल्या चिमटीत दोन्ही मांड्या मिटलेल्या, आणि घशावरची खुंटी इतकी स्पष्ट की मी खुर्चीतून उठलो. चौथा फोटो खोगिराचा असायला हवा होता, म्हणजे रेघा दिसल्या असत्या, पण त्यात नुसता तिचा अंगठा होता आणि त्यावर एक तपकिरी डाग. मी लगेच फोन केला आणि वरून एक पुन्हा काढायला सांगितले.

"उडाला की रे," काकू म्हणाली. "आता बांधाला असंल. तू ये आणि काढ."